नास्तिकांचे गणगोत

पूर्व बंगालात, बरिशाल शहरापासून काही मैलांवर, नदीकाठी लामचरी नावाचे खेडे आहे. १९३२ साली या खेड्यातील एक विधवा शेतकरी बाई वारली. तिचा मुलगा आरज अली मातुब्बर तेव्हा तिशी ओलांडलेला होता. वडील लहानपणीच गेलेले. आईने हालअपेष्टा सोसून त्याला वाढवलेले. आईची एक तरी आठवण डोळ्यांपुढे राहावी म्हणून त्याने शहरातून छायाचित्रकार बोलावला आणि तिच्या मृतदेहाचा फोटो काढून घेतला. जनाज्याच्या नमाजासाठी जमलेल्या मंडळींना हे समजले, तेव्हा त्यांनी नमाज पढण्यास साफ नकार दिला. फोटो काढणे त्यांच्या मते धर्मबाह्य होते. शेवटी घरच्या चार माणसांनी मिळून तिला मूठमाती दिली. त्या बाईने आयुष्यात कोणताही धर्मनियम मोडला नव्हता. चूक असलीच तर मुलाची होती आणि शिक्षा आईच्या प्रेताला झाली.

आरज अलींचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नव्हते. शेती करावी, जमिनीची मोजणी करून चार पैसे मिळवावेत आणि बरिशालच्या ग्रंथालयातून पुस्तके आणून रात्री वाचावीत, असा त्यांचा क्रम होता. आईच्या दफनानंतर मनात उठलेले प्रश्न ते लिहीत गेले. ‘सत्येर संधाने’, म्हणजे ‘सत्याच्या शोधात’, हे त्यांचे पुस्तक जवळजवळ सगळे प्रश्नांचेच आहे. आत्मा म्हणजे काय, परलोक कुठे आहे, ईश्वर न्यायी असेल तर अमुक असे का, हे सारे त्यात शेतकऱ्याच्या साध्या भाषेत विचारले आहे. पाकिस्तानच्या राजवटीत ते छापता आले नाही. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर १९७३ साली ते प्रसिद्ध झाले. म्हणजे आईच्या मृत्यूनंतर चाळीस वर्षांनी या माणसाचे म्हणणे चार लोकांपर्यंत पोचले.

या लेखाचा विषय ही चाळीस वर्षे आहेत. ईश्वर न मानणाऱ्या माणसाला आपल्यासारखी दुसरी माणसे का हवी असतात, ती त्याला कशी सापडतात आणि सापडल्यावर काय होते, हे बंगाली मुक्तचिंतकांच्या उदाहरणावरून पाहावे, असा हेतू आहे. हेच उदाहरण निवडण्याची दोन कारणे आहेत. ज्यांनी संगणकाच्या जाळ्यातून एकमेकांना शोधले आणि त्यातून आपल्या भाषेत एक समाज उभा केला, अशा नास्तिकांचा इतका ठसठशीत इतिहास आपल्या शेजारी दुसरा नाही. दुसरे कारण फेब्रुवारी २०१५ या महिन्याशी निगडित आहे. त्याकडे पुढे येऊ.

गरज कशाची?

नास्तिकाला युक्तिवादासाठी सोबत लागतेच असे नाही. पुस्तके पुरतात. लामचरीच्या शेतकऱ्याला ती पुरली होती. सोबत लागते ती वेगळ्या प्रसंगी. घरात मूल जन्मले, मुलीचे लग्न ठरले, कोणी वारले की धर्म आपोआप हजर होतो. कोणी कोणते काम करायचे, कोण कुठे उभे राहायचे, काय बोलायचे हे ठरलेले असते आणि शेजारीपाजारी न सांगता येतात. धर्म सोडणारा माणूस देवाबरोबर ही सारी माणसेही गमावून बसतो. आरज अलींच्या अंगणात १९३२ साली नेमके हेच घडले.

महात्मा फुल्यांनी हे फार लवकर ओळखले होते. ते नास्तिक नव्हते. ‘निर्मिका’वर त्यांची श्रद्धा होती. पण २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पहिला सत्यशोधक विवाह लागला. भटजी नाकारायचा तर मंगलाष्टकांचे काय, या प्रश्नाला त्यांनी तीन महिन्यांत उत्तर दिले. विचार टिकायचा तर तो लग्नाच्या मांडवात आणि मृत्यूच्या दारात टिकला पाहिजे, हे त्यामागचे शहाणपण होते.

कायद्याच्या बाजूनेही हा प्रश्न जुना आहे. ब्राह्मो समाजाच्या खटपटीतून १८७२ साली विशेष विवाह कायदा झाला. त्याखाली लग्न करायचे तर आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती वगैरे कोणत्याही धर्माचे नाही, असे वधूवरांना जाहीर करावे लागे. भारतात १९५४ च्या कायद्याने ही अट गेली. बांगलादेशात मात्र १८७२ चाच कायदा चालू राहिला. त्यामुळे तिथे हिंदू मुलाला मुसलमान मुलीशी धर्म न बदलता लग्न करायचे, तर ‘आम्हाला धर्म नाही’ असे लिहून देण्यावाचून गत्यंतर नसते. जनगणनेत मात्र मुसलमान, हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती आणि ‘इतर’ एवढेच रकाने. लग्नापुरता धर्म नाही म्हणा आणि मोजणीच्या वेळी ‘इतर’ व्हा, अशी ही अवस्था आहे.

आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत स्वतःला स्पष्टपणे नास्तिक म्हणवणारे देशभरात सुमारे ३३ हजार निघाले आणि त्यांत सर्वाधिक, सुमारे साडेनऊ हजार, महाराष्ट्रातले होते. खरी संख्या याहून कितीतरी मोठी असणार, हे आपण सगळे ओळखीच्या घरांवरून जाणतो. पण जो मोजणीदारालाही सांगत नाही, तो शेजाऱ्याला कसा सांगणार? आणि सांगितल्याशिवाय दुसरा भेटणार कसा?

टपालाने आलेली सोबत

संगणकाच्या आधी हे काम मासिकांनी केले. र. धों. कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षे निघत राहिले. संततिनियमन हा त्याचा मुख्य विषय असला, तरी कर्व्यांचा निरीश्वरवाद त्याच्या पानापानांत होता. गावोगावचे तुरळक वर्गणीदार एकमेकांना ओळखत नव्हते. पण आपल्यासारखा अंक आणखी कोणाच्या तरी घरी जातो, एवढे त्यांना माहीत होते. वाचकांच्या पत्रव्यवहारातून तर दुसऱ्याचा आवाजही ऐकू येई.

ढाक्यातही त्याच सुमारास अशीच एक धडपड झाली. १९२६ साली तिथे ‘मुस्लिम साहित्य समाज’ स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी त्याचे ‘शिखा’ हे मुखपत्र निघाले. अबुल हुसेन, काझी अब्दुल वदूद, काझी मोतहार हुसेन ही त्यातली प्रमुख माणसे. ‘बुद्धीची मुक्ती’ हे त्यांच्या चळवळीचे नाव. ही मंडळी नास्तिक नव्हती. धर्मात राहून बुद्धीला मोकळे करावे, एवढेच त्यांचे म्हणणे. तरीही १९२९ साली अबुल हुसेन यांना एका लेखाबद्दल ढाक्याच्या नवाबांच्या वाड्यात, शहरातल्या प्रतिष्ठितांसमोर, माफी लिहून द्यावी लागली. ही मंडळी विद्यापीठाच्या परिसरातली होती. लामचरीचा शेतकरी त्यांच्या वर्तुळात कधीच नव्हता. पुढे बरिशालच्या महाविद्यालयातील तत्त्वज्ञानाच्या एका प्राध्यापकाशी आरज अलींची मैत्री जमली, तोच त्यांना मोठा आधार झाला. एका पिढीला मिळालेली सोबत म्हणजे एक मासिक, एक मंडळ किंवा एक मित्र.

पडद्यावरचा पार

अभिजित रॉय ढाक्यात वाढले. वडील अजय रॉय ढाका विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि १९७१ च्या मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले. अभिजित यांनी ढाक्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, सिंगापूरला डॉक्टरेट केली आणि पुढे अमेरिकेत अटलांटा परिसरात नोकरी धरली. सिंगापूरला असताना, २००१ साली, त्यांनी याहूवर एक पत्रगट सुरू केला. त्याचे नाव ‘मुक्तमना’.

आजच्या वाचकाला पत्रगट म्हणजे काय हे सांगावे लागेल. एकाने ईमेल लिहिले की ते गटातल्या सर्वांना जाई. कोणी उत्तर दिले तर तेही सर्वांना जाई. गावच्या पारावर एकजण बोलतो आणि बाकीचे ऐकतात, मधूनच कोणी तोंड घालतो, तसा हा प्रकार. फरक एवढाच की या पारावर ढाक्याचा विद्यार्थी, लंडनमधला डॉक्टर आणि टोरांटोतला निवृत्त शिक्षक एकाच वेळी बसू शकत होते. पारावर कोण बसले आहे हे गावाला दिसते. इथे ते दिसत नव्हते. आयुष्यात प्रथमच ‘मी देव मानत नाही’ हे वाक्य कोणालाही न घाबरता लिहिता येत होते आणि ‘मीही’ असे उत्तर येत होते.

सुरुवातीचे लेखन बरेचसे इंग्रजीत चाले, कारण संगणकावर बंगाली लिहिणे जिकिरीचे होते. २६ मार्च २००३ रोजी, बांगलादेशाच्या स्वातंत्र्यदिनी, मेहदी हसन खान या वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याने ‘अभ्र’ हा मोफत कळफलक प्रसिद्ध केला. रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टंकन करावे आणि पडद्यावर बंगाली उमटावे, अशी त्याची रीत. आपल्याकडे देवनागरीबाबत नंतर जे घडले, तेच तिथे घडले: इंग्रजीत चर्चा करणाऱ्या उच्चशिक्षितांपुरता असलेला विषय मातृभाषेत आला. २००५ च्या अखेरीस बंगाली ब्लॉगांचे पहिले मोठे सार्वजनिक व्यासपीठ सुरू झाले. जिल्ह्याच्या गावातला मुलगाही आता लिहू लागला.

‘मुक्तमना’ हळूहळू संकेतस्थळ झाले. त्यावर उत्क्रांती, विश्वाची उत्पत्ती, धर्मग्रंथांची चिकित्सा, स्त्रियांचे हक्क, अल्पसंख्याकांवरील हल्ले असे विषय असत. आरज अली मातुब्बर यांचे लेखन नव्या पिढीने इथे पुन्हा वाचायला काढले. १२ फेब्रुवारीला डार्विनचा जन्मदिवस साजरा होऊ लागला. सण नसलेल्यांना एक सण मिळाला. २००७ साली ‘मुक्तमना’ला जहानआरा इमाम स्मृती पुरस्कार मिळाला. १९७१ च्या युद्धगुन्हेगारांना शिक्षा व्हावी म्हणून लढणाऱ्या समितीचा हा पुरस्कार, म्हणजे देशातल्या मोठ्या लोकशाहीवादी प्रवाहानेही या मंडळींना आपले मानले.

रफिदा अहमद बन्या यांची आणि अभिजित यांची ओळख या लेखनातूनच झाली. बन्या मुसलमान कुटुंबातल्या, अभिजित हिंदू कुटुंबातले. दोघांनीही धर्म मागे टाकलेला. पुढे त्यांनी लग्न केले. बन्यांनी बंगालीत उत्क्रांतीवर पुस्तक लिहिले, ते खूप वाचले गेले. गणगोत म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

पडद्यावरच्या या पाराला वर्षातून एकदा जमीनही मिळे. आपल्याला जसा दिवाळी अंक, तसा बांगलादेशातल्या वाचकाला फेब्रुवारीतला एकुशे पुस्तकमेळा. भाषा आंदोलनातल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ ढाक्याच्या बांगला अकादमीच्या आवारात तो महिनाभर भरतो. ‘शुद्धस्वर’, ‘जागृती’ अशा प्रकाशकांनी संकेतस्थळावरच्या लेखकांची पुस्तके काढली. टोपणनावांनी वर्षभर भांडलेली माणसे मेळ्यात पुस्तकांच्या गाळ्यापाशी समोरासमोर भेटत, चहा पीत.

नाव सांगावे की लपवावे

अशा समाजाची एक अंगभूत अडचण आहे. सुरक्षित राहायचे तर लपावे लागते, आणि सोबती मिळायला हवा तर दिसावे लागते. टोपणनाव हा यावरचा अर्धा उपाय. ते सोबत्याला आवाज देते आणि शत्रूपासून चेहरा राखते. पण ओळख वाढली, पुस्तक निघाले, मेळ्यात भेट झाली की टोपणनाव पातळ होत जाते.

२०१३ साली ही अडचण जिवावर आली. ५ फेब्रुवारीला युद्धगुन्हेगार अब्दुल कादेर मोल्ला याला फाशीऐवजी जन्मठेप झाली, तेव्हा ब्लॉगलेखकांच्या एका गटाने ढाक्याच्या शाहबाग चौकात जमण्याची हाक दिली. हजारो लोक आले आणि हटले नाहीत. या आंदोलनात सर्व श्रद्धांची माणसे होती. परंतु विरोधकांनी त्याला ‘नास्तिकांचे आंदोलन’ असे नाव दिले. १५ फेब्रुवारीला राजीब हैदर या ब्लॉगलेखकाला त्याच्या घराजवळ कापून मारण्यात आले. त्याचा जनाजा शाहबाग चौकातच झाला आणि अफाट गर्दीने नमाज पढला. नास्तिकाला जनाजा कसा, यावर मग मोठे वादळ उठले. लामचरीत श्रद्धाळू बाईला नाकारला गेलेला नमाज ढाक्यात एका नास्तिकाला मिळाला.

यानंतर बांगलादेशात ‘ब्लॉगर’ हा शब्द ‘नास्तिक’ या अर्थाची शिवी बनला. हेफाजत-ए-इस्लामने मोठा मोर्चा काढून कडक कायद्याची मागणी केली. चौऱ्यांशी ब्लॉगलेखकांची यादी सरकारकडे गेली आणि बाहेरही फिरली. सरकारने एप्रिलमध्ये मारेकऱ्यांच्या तपासाबरोबरच चार ब्लॉगलेखकांनाही अटक केली. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ५७ वे कलम त्याच वर्षी अधिक कठोर होऊन त्याखाली सात ते चौदा वर्षांची शिक्षा ठरली. ज्या जाळ्याने माणसे एकमेकांना सापडली, त्याच जाळ्यातून त्यांची यादी करणे सोपे झाले होते.

हा समाज एकमुखी होता असेही समजू नये. धर्मावर टीका किती धारदार असावी, सभ्यता कुठे संपते, बहुसंख्याकांच्या धर्मावरची टीका आणि अल्पसंख्याकांच्या धर्मावरची टीका सारखी कशी मानावी, यावर कडाक्याचे वाद होत. काहींचे लेखन उथळ आणि शिवराळ असे, आणि त्यांच्याच सोबत्यांना ते खटके. देव नाही, यावर एकमत झालेल्या दोन माणसांचे बाकी कशावरही एकमत होईलच असे नाही.

फेब्रुवारी २०१५

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापुरात सकाळी फिरून परतणाऱ्या गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. २० तारखेला पानसरे गेले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना पुण्यात मारल्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. पानसरे गेल्यानंतर सहाव्या दिवशी, २६ फेब्रुवारीच्या संध्याकाळी, अभिजित रॉय आणि बन्या ढाक्याच्या पुस्तकमेळ्यातून परतत होते. विद्यापीठाच्या परिसरात, गर्दीत, त्यांच्यावर कोयत्यांनी वार झाले. अभिजित गेले. बन्यांच्या डोक्यावर खोल जखमा झाल्या, हाताचा अंगठा तुटला. धमक्या असूनही ते अमेरिकेहून आले होते, कारण पुस्तके मेळ्यात यायची होती आणि माणसे तिथेच भेटायची होती.

त्या वर्षात हे थांबले नाही. मार्चअखेरीस ढाक्यात वाशिकुर रहमान, मे महिन्यात सिल्हटमध्ये ‘युक्ती’ या नियतकालिकाचे संपादक अनंत बिजय दास, ऑगस्टमध्ये स्वतःच्या घरात निलय नील. अनंत यांना स्वीडनमधल्या लेखकसंघटनेचे निमंत्रण होते. दूतावासाने व्हिसा नाकारला होता. निलय यांनी पाठलाग होत असल्याची तक्रार नोंदवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा पोलिसांनी देश सोडण्याचा सल्ला दिला, असे त्यांनीच लिहून ठेवले होते. ३१ ऑक्टोबरला ‘जागृती’चे फैसल अरेफिन दीपन मारले गेले आणि त्याच दिवशी ‘शुद्धस्वर’चे अहमेदुर रशीद टुटुल जखमी झाले. लेखक, संपादक, प्रकाशक: समाजाला जमीन देणारे दुवे हेरून तोडले गेले.

महाराष्ट्राशी तुलना करताना एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने देवाधर्माविरुद्ध भूमिका घेतली नाही. दाभोलकर ते पुनःपुन्हा सांगत. समितीच्या गावोगाव शाखा होत्या, तोंडओळखीचे कार्यकर्ते होते. हत्येनंतर त्यांना जमायला रस्ता होता, आणि राज्य सरकारनेही चार दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला. ‘मुक्तमना’च्या लोकांनी देव नाही हे उघड म्हटले होते आणि त्यांचा समाज पडद्यामागे विखुरलेला होता. त्यांच्या पाठीशी शाखा नव्हती. अनेकांना नॉर्वे, स्वीडन, जर्मनीत आसरा घ्यावा लागला. पण तिथेही कामी आले ते जुने पत्रगटातले संबंधच. कोणाला कुठे निवारा मिळेल, अर्ज कसा करावा, विमानतळावर कोण घ्यायला येईल, ही व्यवस्था याच माणसांनी एकमेकांसाठी केली. एकेकाळी फक्त वाद घालणाऱ्या गटाला आता सोयऱ्यांची कामे करावी लागली.

जखमा भरत असतानाच जुलै २०१५ मध्ये बन्यांनी लंडनमध्ये मानवतावाद्यांच्या सभेत जाहीर व्याख्यान दिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये ढाक्याच्या न्यायालयाने अभिजित यांच्या हत्येबद्दल पाच जणांना फाशी आणि एकाला जन्मठेप सुनावली. साक्ष देऊन गेलेले अजय रॉय हा निकाल ऐकायला नव्हते. डिसेंबर २०१९ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

मूठमाती

आरज अली मातुब्बर यांनी मरण्याआधी दोन गोष्टी करून ठेवल्या. गावात वाचनालय उभारले आणि आपला देह बरिशालच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देऊन टाकला. १९८५ साली ते गेले, तेव्हा नमाज पढण्यास कोणी नकार देण्याचा प्रश्नच त्यांनी ठेवला नव्हता. आईला जे सोसावे लागले, त्यावर त्यांनी एकट्याने काढलेला हा मार्ग होता.

१ मार्च २०१५ रोजी अभिजित रॉय यांचा मृतदेह ढाका विद्यापीठात ‘अपराजेय बांगला’ या शिल्पाजवळ ठेवला होता. विद्यार्थी, शिक्षक, लेखक, वाचक रांगेने फुले वाहून गेले. त्यांत श्रद्धाळूही होते आणि ज्यांनी त्यांना फक्त पडद्यावर वाचले होते असेही. मग त्यांच्या इच्छेप्रमाणे देह ढाका वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला. पुढे अजय रॉय यांचाही देह वैद्यकीय कामासाठीच दिला गेला.

या दोन अंत्ययात्रांच्या मध्ये काय घडले, ते वर सांगितले. नास्तिकांचा समाज बहुमतात आला असे नाही, सुरक्षित झाला असेही नाही. पण लामचरीच्या अंगणात नव्हती ती माणसे ढाक्यात होती. पुण्यातही अलीकडे नास्तिकांचे मेळावे भरू लागले आहेत. तिथे युक्तिवाद होतात, ते व्हावेतच. पण एखाद्या घरात कोणी वारले, आणि घरच्यांना क्रियाकर्म करायचे नसले, तर त्या संध्याकाळी दार कोण वाजवणार, हेही तिथे ठरवून ठेवलेले बरे.